किफायतीचा शास्त्रज्ञ : अशोक गाडगीळ

२४ ऑक्टोबर २०२३ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांच्या हस्ते काही शास्त्रज्ञांना आणि संशोधकांना राष्ट्रीय पदके देण्यात आली. तंत्रज्ञान आणि नवनिर्मितीसाठीचे पदक घेणाऱ्यांत एक नाव होते अशोक गाडगीळ. १९५० साली मुंबईत जन्मलेला मराठी माणूस. ‘मराठी माणसाचा सन्मान’ अशा मथळ्याखाली ही बातमी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. अभिनंदनाचे हात जोडले गेले, फुले वाहिली गेली आणि तासाभरात पगारबिलाची चर्चा सुरू झाली. या माणसाने नेमके काय केले, हे कुणी विचारले नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पदार्थविज्ञान हा माझा विषय नाही. पण गाडगीळांच्या कामाबद्दल वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचे विषय आमच्या जुन्या जालन्यातल्या कोणत्याही घरात एका नजरेत दिसतात. छताला लटकणारा दिवा, माठातले पाणी आणि स्वयंपाकाची चूल. जगातल्या नामांकित प्रयोगशाळेत बसलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने या तीन साध्या गोष्टींसाठी चाळीस वर्षे दिली, ही गोष्ट मला कोणत्याही पदकापेक्षा मोठी वाटते. म्हणून हा लेख.

काही वाचक म्हणतील, मुस्लिम समाजाच्या प्रश्नांवर लिहिता लिहिता सर एकदम दिव्याबत्तीकडे कसे वळले? लेख शेवटपर्यंत वाचा. विजेचे बिल, पाण्याचा जार आणि गॅसची टाकी हे समाजाचे प्रश्न नसतील, तर मग कोणते आहेत?

काटकसर आणि किफायत

भाषेचा शिक्षक म्हणून सुरुवात दोन शब्दांपासून करतो. मराठीत आपण ‘काटकसर’ म्हणतो. त्यात मन मारणे आहे. दोन दिवे लागत होते, आता एकच लावायचा. दोन वेळा चहा होत होता, आता एकदाच. उर्दूत ‘किफायत’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी ‘पुरणे’, ‘पुरेसे होणे’ हा अर्थ आहे. ‘काफी’ हा शब्दही त्याच घरातला. किफायत म्हणजे गरज पूर्ण भागली पाहिजे, फक्त वाया काही जाता कामा नये. उजेड तेवढाच हवा, पण वीज कमी जळावी. अन्न तेवढेच शिजावे, पण लाकूड कमी लागावे.

ऊर्जेच्या क्षेत्रात ज्याला ‘कार्यक्षमता’ म्हणतात, तिच्यासाठी किफायतीइतका नेमका शब्द मला सापडत नाही. गरिबाला काटकसर शिकवायची गरज नसते. ती तो आईच्या पोटातून शिकून येतो. त्याला किफायत मात्र मिळत नाही, कारण किफायतशीर वस्तू विकत घेताना महाग असते. गाडगीळांचे सारे काम या एका गाठीभोवती फिरते.

भौतिकशास्त्रातून धोरणाकडे

मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी, कानपूरच्या आयआयटीतून एम.एस्सी. आणि मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विभागात पीएच.डी. असा गाडगीळांचा शिक्षणाचा प्रवास आहे. ते बर्कलेला पोचले तो १९७० च्या दशकाचा काळ. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. बर्कलेमध्ये आर्थर रोझेनफेल्ड नावाचे प्राध्यापक होते. एन्रिको फर्मी या महान शास्त्रज्ञाचे ते विद्यार्थी आणि स्वतः कणभौतिकीतले नाव. तेलटंचाईच्या त्या दिवसांत एका शुक्रवारी संध्याकाळी घरी निघताना त्यांच्या लक्षात आले, की मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांचे दिवे शनिवार-रविवार असेच जळत राहणार आहेत. ते एकेका खोलीत जाऊन दिवे बंद करू लागले. काही बटणे कपाटांमागे आणि पुस्तकांमागे दडलेली होती. ती शोधण्यात वीस मिनिटे गेली. त्या वीस मिनिटांत वाचलेल्या तेलाचा हिशेब त्यांनी केला आणि पुढे कणभौतिकी सोडून ऊर्जेच्या किफायतीचा अभ्यास हाती घेतला.

इमारती, फ्रीज, दिवे, खिडक्यांच्या काचा अशा वस्तूंचा शास्त्रशुद्ध अभ्यास बर्कलेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झाला. त्यातून कॅलिफोर्नियात आणि पुढे अमेरिकेत कायदे झाले. अमुक इतक्यापेक्षा जास्त वीज खाणारा फ्रीज विकता येणार नाही, असे नियम आले. प्रयोगशाळेत मोजलेली गोष्ट सरकारी नियमापर्यंत कशी न्यायची, ही कला रोझेनफेल्डनी दाखवली. गाडगीळ याच वातावरणात घडले.

पीएच.डी. झाल्यावर अमेरिकेतच राहता आले असते. पण १९८० च्या दशकात ते भारतात परतले आणि दिल्लीच्या टाटा ऊर्जा संशोधन संस्थेत काही वर्षे काम केले. १९८८ मध्ये ते पुन्हा बर्कलेच्या प्रयोगशाळेत गेले. त्याच वर्षी हवामानबदलाचा अभ्यास करणारी आयपीसीसी ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. कोळसा जाळून होणारी वीज आणि पृथ्वीचे वाढते तापमान यांचे नाते सरकारांच्या चर्चेत येऊ लागले होते. गाडगीळांनी हात घातला तो मात्र अगदी छोट्या वस्तूला. साध्या बल्बला.

मुंबईत अडकलेला दिवा

पिवळा उजेड देणारा तो जुना बल्ब चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. हात लावला तर चटका बसायचा. याचे कारण साधे आहे. त्याला दिलेल्या विजेपैकी फारच थोडी उजेडात बदलायची, बाकी सगळी उष्णतेत जायची. तेव्हा नव्याने आलेला सीएफएल दिवा तेवढाच उजेड साधारण चौथ्या हिश्श्याच्या विजेत देत होता.

पाटीवर गणित मांडू. ६० वॅटचा बल्ब काढून १५ वॅटचा सीएफएल लावला, तर ४५ वॅट वाचतात. दिवा रोज चार तास जळतो असे धरले, तर वर्षाला सुमारे ६५ युनिट वाचतात. असे एक कोटी दिवे संध्याकाळी सात वाजता लागलेले असतील, तर त्या क्षणी ४५० मेगावॅटची गरज कमी होते. एवढ्या विजेसाठी कोळशावरचे एक मोठे केंद्र उभारावे लागते.

मग लोक हा दिवा घेत का नव्हते? कारण त्याची किंमत साध्या बल्बच्या कित्येक पट होती. रोज कमावून रोज खाणारा माणूस दोन वर्षांनी होणाऱ्या बचतीसाठी आज एवढी रक्कम कुठून काढणार? गरिबाला हिशेब कळत नाही असे शिकलेल्यांना वाटते. त्याला हिशेब चांगला कळतो, त्याच्या हातात एकरकमी पैसा नसतो.

गाडगीळांनी या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने पाहिले. वीज कंपन्या घरगुती ग्राहकांना सवलतीच्या दराने वीज देत होत्या. म्हणजे अशा घरात जळणाऱ्या प्रत्येक युनिटमागे कंपनीला तोटा होता, आणि संध्याकाळी मागणी वाढते तेव्हा तर तो सर्वाधिक. तेव्हा ग्राहकाने वीज वाचवली तर कंपनीचाही फायदा होणार. मग दिवा कंपनीनेच विकत घ्यावा, ग्राहकाच्या घरात लावावा आणि त्याचे पैसे दरमहा बिलातून थोडे थोडे वसूल करावेत. ग्राहकाचे बिल कमी, कंपनीचा तोटा कमी, कोळसाही कमी. ब्राझीलचे संशोधक जिल्बेर्तो जानुझी यांच्यासोबत भारत आणि ब्राझील या दोन देशांसाठी हा हिशेब मांडणारा त्यांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईसाठी योजनाही आखली गेली. तिचे इंग्रजी नाव मोठे होते, पण आद्याक्षरे जोडून तिला ‘बेल’ म्हणत.

ही योजना मुंबईत उभी राहू शकली नाही. ती अडकली. का अडकली, याचा धडा गाडगीळांनी अंजली शास्त्री यांच्यासोबत १९९४ मध्ये लेख लिहून मांडला. हा माणूस मला इथे आवडला. योजना फसली तर आपल्याकडे फाइल बंद होते. यांनी फसलेल्या योजनेचा अभ्यास करून तो जगापुढे ठेवला. बर्कलेच्या या अभ्यासाचा उपयोग पुढे मेक्सिकोला झाला. ग्वादालाहारा आणि माँतेरे या शहरांच्या परिसरात तिथल्या सरकारी वीज कंपनीने जागतिक बँकेच्या मदतीने लाखो सीएफएल दिवे घराघरांत पोचवले.

आता त्याच काळातला महाराष्ट्र पाहा. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला. वाद झाले, १९९५ मध्ये करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये महाग वीज परवडत नाही म्हणून मंडळाने खरेदी थांबवली. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कराराचे आकडे तपासून तो राज्याला किती जड जाणार आहे हे आधीच सांगितले होते. एकाच दशकात एकाच राज्यासमोर दोन वाटा होत्या. बल्ब बदलण्याच्या वाटेला बातमीत जागा नव्हती, कोनशिला नव्हती, उद्घाटन नव्हते. समुद्रकिनारी उभ्या राहणाऱ्या वीजकेंद्राला हे सगळे होते.

त्याची किंमत कुणी दिली? २००५ नंतरची काही वर्षे मराठवाड्यातल्या माणसाने आठवावीत. लोडशेडिंगचे वेळापत्रक नमाजच्या वेळापत्रकासारखे पाठ झाले होते. मार्चमध्ये दहावीची परीक्षा आणि संध्याकाळी वस्ती अंधारात. माझे विद्यार्थी चिमणीच्या उजेडात अभ्यास करायचे. सकाळी वर्गात त्यांच्या नाकपुड्यांत काजळी दिसायची. त्या मुलांना मेगावॅट माहीत नव्हते, पण धोरण चुकले की काय होते हे ते रोज श्वासातून घेत होते.

किफायतीचा तो विचार भारतात मोठ्या प्रमाणावर यायला २०१५ साल उजाडले. ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू झाली. आता सीएफएलऐवजी एलईडी होते. सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली, त्यामुळे २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणाऱ्या दिव्याची खरेदी किंमत २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. आणि ग्राहकाने सुरुवातीला दहा रुपये द्यावेत, बाकीचे दरमहा दहा रुपयांप्रमाणे बिलातून, अशी सोय झाली. छत्तीस कोटींहून अधिक दिवे या योजनेतून गेले. बिलातून हप्ता घेण्याची ही कल्पना मुंबईसाठी पंचवीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली होती. पंचवीस वर्षे म्हणजे एक अख्खी पिढी.

ट्यूबलाइटने शुद्ध होणारे पाणी

१९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये कॉलऱ्याचा एक नवा प्रकार दिसला आणि १९९३ मध्ये तो बंगाल व बांगलादेशात पसरला. हजारो माणसे दगावली. गाडगीळांना दिव्यांचा अभ्यास होताच. साध्या ट्यूबलाइटच्या काचेला आतून पांढरा लेप असतो. आत तयार होणारे अतिनील किरण या लेपावर आदळून त्यांचा उजेड होतो. लेप काढला आणि किरण आरपार जाऊ देणारी काच वापरली, तर तीच नळी जंतुनाशक दिवा बनते. हे तत्त्व जुनेच होते. अडचण अशी होती, की अशा यंत्रांत नळी पाण्यात बुडवलेली असे. पाण्यातला क्षार तिच्यावर चढायचा आणि किरण अडायचे. शिवाय पाणी दाबाने सोडावे लागायचे.

गाडगीळांनी नळी पाण्याच्या वर टांगली. पाणी उंचावरून आपल्या वजनाने येते, उथळ पन्हळीतून दिव्याखालून वाहते आणि बाहेर पडते. पंप नको, दाब नको. मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी, आणि वीज ४० ते ६० वॅट, म्हणजे त्या जुन्या बल्बएवढीच.

पुन्हा पाटीवर येऊ. मिनिटाला १५ म्हणजे तासाला ९०० लिटर. एवढे पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायचे तर जराही उष्णता वाया न घालवता सुमारे ७८ युनिट ऊर्जा लागते. चुलीवर तर त्याच्या कित्येक पट, कारण चुलीची बरीचशी धग भांड्याला लागतच नाही. दिव्याला त्याच कामासाठी एका युनिटचा सतरावा हिस्सा पुरतो. फरक हजार पटींहून जास्त आहे. डॉक्टर ‘पाणी उकळून प्या’ म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण ज्या बाईने लाकूड डोक्यावरून आणले आहे, तिच्यासाठी हा सल्ला किती महाग आहे हे या आकड्यावरून कळते.

या तंत्राचा परवाना घेऊन एका कंपनीने आंध्र प्रदेशातल्या गावांत आणि पुढे घाना, बांगलादेश अशा देशांत पाणीकेंद्रे उभारली. गावात एक केंद्र, तिथून थोड्या पैशांत घागरभर शुद्ध पाणी. या यंत्राला मर्यादाही आहेत. अतिनील किरण जंतू मारतात. पाण्यातले क्षार, फ्लोराइड किंवा आर्सेनिक काढत नाहीत. आणि शुद्ध केलेले पाणी मळक्या घागरीत ओतले तर ते पुन्हा दूषित होते. आर्सेनिकसाठी गाडगीळांनी पुढे वेगळी पद्धत विकसित केली. लोखंडी पट्ट्यांतून थोडी वीज सोडायची, पाण्यात गंज तयार होतो, आर्सेनिक त्या गंजाला चिकटते आणि गाळ खाली बसला की पाणी वेगळे काढता येते. जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने पश्चिम बंगालमधल्या धपधपी गावच्या शाळेत २०१६ च्या सुमारास दिवसाला १०,००० लिटर क्षमतेचे केंद्र सुरू झाले. जागा म्हणून शाळा निवडली, हे शिक्षक म्हणून मला फार महत्त्वाचे वाटते.

जालनेकरांना पाण्यावर प्रवचन द्यायची गरज नाही. कुंडलिका नदी जुना आणि नवा जालना यांच्या मधून जाते, पण तिच्याकडे पाहून तहान भागत नाही. २०१३ च्या दुष्काळात टँकरमागे धावलेली माणसे माझ्या गल्लीत आहेत. त्याच दुष्काळात एक गोष्ट घडली, जी वीज आणि पाणी यांचे नाते कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले शिकवते. फेब्रुवारी २०१३ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातले परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद करावे लागले. कोळशाच्या केंद्राला वाफ करायला आणि यंत्रे थंड ठेवायला प्रचंड पाणी लागते. म्हणजे आपण विनाकारण जाळलेल्या प्रत्येक युनिटमागे कोळसा तर असतोच, कुठल्या तरी धरणातले पाणीही असते. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, वाईट आहे हे आपण मशिदीत ऐकतो आणि वजूच्या हौदापाशी ते पाळायचाही प्रयत्न करतो. पंखा आणि दिवा चालू ठेवून खोलीबाहेर पडतो तेव्हाही पाणीच सांडत असते, हे मात्र लक्षात येत नाही.

दारफूरची चूल

गाडगीळांच्या कामातला माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेला भाग हा आहे. सुदानच्या पश्चिमेला दारफूर हा प्रदेश आहे. २००३ मध्ये तिथे संघर्ष पेटला. मारणारे मुसलमान, मरणारेही मुसलमान. लाखो लोक गावे सोडून छावण्यांत आले. छावणीत धान्य मिळत होते, पण शिजवायला सरपण नव्हते. बायका आठवड्यातून अनेकदा तासन्‌तास चालत लाकडासाठी बाहेर पडत. वाटेत त्यांच्यावर अत्याचार होत. पुरुष गेले तर जिवे मारले जाण्याची भीती, म्हणून बायका जात. ज्या जात नसत, त्या मिळालेल्या धान्यातला काही हिस्सा विकून लाकूड घेत.

२००५ च्या अखेरीस गाडगीळ आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टिना गॅलिट्स्की दारफूरला गेले. त्यांनी बरोबर वेगवेगळ्या चुली नेल्या होत्या, त्यांत भारतात तयार झालेली ‘तारा’ ही चूलही होती. त्यांनी भाषण केले नाही. बायकांना चुली दिल्या आणि तुमचे रोजचे जेवण यांवर करून दाखवा म्हणाले. तेव्हा एकेक गोष्ट कळत गेली. तिथले मुख्य अन्न ‘असीदा’, म्हणजे पिठाचा घट्ट गोळा, आणि त्याच्याबरोबर कांद्याचे कालवण, ‘मुलाह’. असीदा जोर लावून घोटावा लागतो. मोहर्रममध्ये हलीम घोटताना देग कशी हलते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. हलक्या पत्र्याची चूल अशा घोटण्याने उलटते. तिथली भांडी गोल बुडाची. वारा जोराचा, रेती उडवणारा. आणि चुलीचे तोंड मोठे असले, की सवयीने जास्त लाकूड कोंबले जाते.

हे सगळे लक्षात घेऊन बर्कलेत ‘तारा’ चुलीत बदल केले गेले. भांडे नीट बसावे अशी रचना झाली, वारा अडवणारी कड आली, सरपणाचे तोंड लहान केले, चूल जमिनीत पक्की करता येऊ लागली. तीन दगडांच्या चुलीच्या तुलनेत लाकूड निम्म्याहून कमी लागू लागले. पत्र्याचे सुटे भाग मुंबईत कापले जात, सपाट गठ्ठ्यांनी सुदानला जात आणि अल-फाशर शहरातल्या कार्यशाळेत स्थानिक लोक ते जोडून चूल तयार करत. किंमत सुमारे २० डॉलर. हजारो घरांत ती पोचली.

आपल्याकडच्या निर्धूर चुलींची गोष्ट याच्याशेजारी ठेवून पाहावी. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढच्या दोन दशकांत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. त्यांतल्या असंख्य चुली काही वर्षांत मोडल्या किंवा बाजूला पडल्या. उद्दिष्टे वरून येत होती आणि मोजणी बसवलेल्या चुलींची होत होती, जळणाऱ्या चुलींची नाही. भाकरी कशी भाजतात, डाळ किती वेळ शिजते, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारण्याची पद्धतच नव्हती. काही अपवाद होते. पुण्यात आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा आणि स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या अन्नापासून बायोगॅस करून दाखवला. तिला २००२ आणि २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पण सरकारी आकड्यांच्या डोंगरात असे काम छोटेच राहिले.

आजही पाहा. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅस पुष्कळ घरांत आणला आणि ते मोठेच काम झाले. पण माझ्या एका विद्यार्थिनीची अम्मी सांगते, “सर, टाकी है, पर मेहमान आये तो जलती.” बाकीच्या दिवशी अंगणात चूल. जोडणी किती झाल्या याचा आकडा सरकारकडे असतो. टाकी महिन्यातून किती दिवस पेटते, हा आकडा या बाईकडे असतो.

चुलीने दारफूरचे युद्ध थांबले नाही. एप्रिल २०२३ पासून सुदान पुन्हा युद्धात होरपळतो आहे. शास्त्रज्ञ युद्ध थांबवू शकत नाही. पण ज्या वाटेवर बाईची इज्जत आणि जीव धोक्यात येतो, त्या वाटेवरच्या फेऱ्या त्याने कमी केल्या. उम्मतच्या दुःखावर आपण मिंबरवरून आणि मोबाइलवरून खूप बोललो. मुंबईचा एक गाडगीळ तिथे जाऊन पाठीमागे उभा राहून असीदा घोटणाऱ्या हातांकडे पाहत होता. याची शरम बाळगा असे मी म्हणत नाही. यातून शिका, एवढेच म्हणतो.

आपण काय घ्यायचे

पहिली गोष्ट मुलांसाठी. आमच्या शाळेत हुशार मुलाला दोनच वाटा दाखवल्या जातात, डॉक्टर किंवा इंजिनिअर. पदार्थविज्ञान घेऊन शिक्षक होता येते, एवढेच पालकांना माहीत असते. ऊर्जा आणि हवामान हा आता एक पूर्ण पेशा आहे. त्यात भौतिकशास्त्र लागते, अर्थशास्त्र लागते, कायदा लागतो आणि लोकांची भाषा कळणारी माणसेही लागतात. आयआयटी मुंबईत ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात ‘प्रयास’सारखा गट आहे. सळईच्या कारखान्यांच्या आमच्या शहरात भट्टीपाशी काम करणारे बाप आहेत. भट्टी किती वीज खाते हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांची मुले या विषयात आली, तर अनुभवाचे भांडवल घेऊनच येतील. आणि कदीम जालन्यात पत्र्याचे, वेल्डिंगचे काम करणाऱ्या पोरांकडे जे हात आहेत, तसल्याच हातांनी अल-फाशरमध्ये त्या चुली जोडल्या.

दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी. महाराष्ट्रात १९९९ पासून वीज नियामक आयोग आहे. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग जाहीर सूचना काढतो, हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. अशा सुनावण्या औरंगाबादलाही झाल्या आहेत. उद्योगांचे प्रतिनिधी तिथे कागद घेऊन जातात. आपल्या वस्त्यांतून कोण जाते? बिल आले की महावितरणच्या खिडकीवर भांडायचे, एवढेच आपले धोरण. हरकत लिहायला मोठी पदवी लागत नाही. बिल वाचता आले पाहिजे, चार आकडे मांडता आले पाहिजेत आणि मराठीत एक पान नीट लिहिता आले पाहिजे. तिसरे काम मी शिकवू शकतो. नववीच्या मुलांकडून या वर्षी निबंधाऐवजी घरच्या वीजबिलाचे वाचन करून घेतो आहे. स्थिर आकार म्हणजे काय, इंधन समायोजन म्हणजे काय, कोणत्या टप्प्यापासून दर बदलतो, हे त्यांनी घरी अम्मी-अब्बांना समजावून सांगायचे आहे.

तिसरी गोष्ट मशीद आणि मदरसा कमिट्यांसाठी. दिवे, पंखे, पाण्याची मोटर आणि गीझर यांचा वर्षाचा हिशेब एका कागदावर मांडा. जुने पंखे साधारण ७५ वॅट खातात, नवे कमी विजेचे पंखे तीस-पस्तीस वॅटमध्ये चालतात. वीस पंखे असतील तर फरक तुम्हीच काढा. वाचलेल्या पैशातून चार मुलींच्या बारावीच्या फीचे काम होईल.

गाडगीळांना २००९ मध्ये हाइन्झ पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात नाव गेले आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय पदक. यादी मोठी आहे. पण त्यांच्या कामाची खरी परीक्षा पदकात नव्हती. दिव्याचा हप्ता बाईला परवडतो का, घागर भरते का, चूल उलटत नाही ना, याच प्रश्नांनी ती होत होती. विद्वत्तेला असले प्रश्न विचारणारा समाज व्हायचे असेल, तर आधी आपल्याच बिलाकडे, माठाकडे आणि चुलीकडे नीट बघायला शिकावे लागेल.